फलनाची अनेकमूल्यी निष्पत्ती

फलनाची अनेकमूल्यी निष्पत्ती : संगणकाच्या आज्ञावलीत एखादे ठराविक काम करून देणाऱ्या व स्वतंत्र नाव दिलेल्या आज्ञांच्या गटास फलन म्हणतात. आज्ञावलीचा दुसरा एखादा भाग या नावाने फलनास पाचारण करतो, त्यास आवश्यक ती माहिती पुरवितो आणि काम संपल्यावर फलनाकडून उत्तर परत घेतो. हे उत्तर बहुधा एकच मूल्य असते. परंतु पुष्कळ कामांची उत्तरे स्वभावतःच दोन वा अधिक मूल्यांची असतात. अशी सर्व मूल्ये एकाच पाचारणात परत देण्याच्या क्रियेस फलनाची अनेकमूल्यी निष्पत्ती म्हणतात. त्यासाठी सर्वाधिक प्रचारात असलेले साधन म्हणजे सरणी अथवा अ‍ॅरे होय. सरणी म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांचा, एका नावाने ओळखला जाणारा संच. पर्ल, पायथॉन, पीएचपी, रूबी, जावास्क्रिप्ट यांसारख्या स्क्रिप्ट भाषांत, म्हणजे लिहिलेली आज्ञावली भाषांतराच्या वेगळ्या टप्प्यावाचून लगेच चालविता येते अशा भाषांत, ही पद्धत विशेष रूढ आहे. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणांत फलनांची व चलांची नावे वाचकांच्या सोयीसाठी मराठीत दिली आहेत. [⟶ संगणक].

गरज : भागाकाराची क्रिया हे सर्वांत साधे उदाहरण आहे. १७ ला ५ ने भागले असता भागाकार ३ येतो व बाकी २ उरते. ही दोन्ही उत्तरे एकाच क्रियेतून निघतात. भागाकारासाठी एक व बाकीसाठी दुसरे अशी दोन फलने लिहिल्यास तेच गणित दोनदा करावे लागते. त्याऐवजी ‘भाग(१७, ५)’ या पाचारणाचे उत्तर म्हणून [३, २] ही सरणी मिळाली, तर काम एकदाच होते. १३५ मिनिटांचे २ तास व १५ मिनिटे असे रूपांतर, आयताकृती चित्राची रुंदी व उंची, एखाद्या स्थळाचे अक्षांश व रेखांश, वर्गसमीकरणाची दोन मुळे ही याच जातीची उत्तरे होत.

मूल्ये एकत्र काढल्याने होणारी बचत काही वेळा मोजूनही दाखविता येते. १,००० संख्यांमधील सर्वांत लहान संख्या काढण्यास ९९९ तुलना कराव्या लागतात व सर्वांत मोठी संख्या स्वतंत्रपणे काढण्यास आणखी ९९९. म्हणजे एकूण १,९९८. दोन्ही एकाच फलनात काढावयाच्या असल्यास प्रथम संख्यांच्या ५०० जोड्या करून प्रत्येक जोडीतील लहानमोठी संख्या ठरवितात (५०० तुलना). नंतर लहान ठरलेल्या ५०० संख्यांमधून सर्वांत लहान (४९९ तुलना) व मोठ्या ठरलेल्या ५०० संख्यांमधून सर्वांत मोठी (४९९ तुलना) निवडतात. एकूण तुलना १,४९८ म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतात. मात्र ही बचत पदरात पडण्यासाठी दोन्ही उत्तरे फलनातून एकत्र बाहेर पडली पाहिजेत.

एकमूल्यी परंपरा : फलनाने एकच मूल्य द्यावे हा दंडक गणितातून आलेला आहे. गणितात फलन म्हणजे दिलेल्या प्रत्येक मूल्याशी एक व एकच मूल्य जोडणारा नियम होय. यंत्राच्या रचनेनेही या दंडकास पुष्टी दिली. पुष्कळ संस्कारकांमध्ये फलनाचे उत्तर एका ठरलेल्या नोंदकात ठेवावयाचे आणि पाचारण करणाऱ्या भागाने ते तेथून उचलावयाचे असा संकेत पाळला जातो. १९५७ मध्ये प्रचारात आलेल्या फोर्ट्रान भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९५८) स्वतंत्रपणे लिहिलेली फलने व उपक्रम या दोहोंची सोय झाली. फलन एक मूल्य परत देई. अनेक उत्तरे हवी असल्यास उपक्रमास काही चल पुरविले जात व उपक्रम त्या चलांची मूल्येच बदलून टाकी. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या सी भाषेत हेच काम चलांचे स्मृतीमधील पत्ते पुरवून केले जाते. या पद्धतीत कोणता चल माहिती पुरविण्यासाठी आहे व कोणता उत्तर स्वीकारण्यासाठी आहे, हे पाचारणाकडे पाहून समजत नाही. उत्तरे सर्वांना खुल्या असलेल्या सार्वत्रिक चलांमध्ये ठेवणे हा तिसरा मार्ग. परंतु त्या चलांत आज्ञावलीचा कोणताही भाग कोणत्याही क्षणी फेरफार करू शकत असल्याने चुकीचा उगम शोधणे जिकिरीचे होते.

काही भाषांनी अनेक मूल्ये परत देण्याची सोय भाषेच्या व्याकरणातच केली. बार्बरा लिस्कोव्ह व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत विकसित केलेली सीएलयू ही त्यांपैकी एक भाषा होय. कॉमन लिस्प या भाषेत पूर्णांकी भागाकाराचे अंगभूत फलन भागाकार व बाकी अशी दोन मूल्ये देते. पाचारकाने एकच मागितले तर दुसरे आपोआप सोडून दिले जाते. स्क्रिप्ट भाषांनी मात्र बहुतांशी निराळा व सोपा मार्ग पतकरला. फलन एकच वस्तू परत देईल हा दंडक त्यांनी मोडला नाही. ती एक वस्तू म्हणजे अनेक मूल्ये पोटात असलेली सरणी असू शकेल, एवढेच पाहिले.

यंत्रणा : फलन चालू असताना त्याचे खाजगी चल स्मृतीच्या एका तात्पुरत्या भागात ठेवलेले असतात. फलनाचे काम संपताच तो भाग पुढील पाचारणासाठी मोकळा होतो. यामुळेच सी भाषेत फलनातील खाजगी सरणीचा पत्ता परत देणे ही गंभीर चूक ठरते. तो पत्ता हाती पडेपर्यंत त्यावरील मजकुराची शाश्वती संपलेली असते. स्क्रिप्ट भाषांत सरणी या तात्पुरत्या भागात न राहता स्मृतीच्या सामाईक साठ्यात निर्माण होते आणि फलनातून तिचा केवळ निर्देश परत येतो. जोवर एखादा तरी चल त्या सरणीचा निर्देश बाळगून आहे, तोवर ती नष्ट केली जात नाही. पायथॉनच्या सर्वाधिक प्रचारातील आवृत्तीत प्रत्येक वस्तूकडे किती निर्देश आहेत यांची मोजदाद ठेवलेली असते व ती शून्यावर आली की, वस्तूने व्यापलेली जागा मोकळी केली जाते. म्हणून स्क्रिप्ट भाषेत लिहिणाऱ्यास परत आलेल्या सरणीच्या जागेची काळजी वाहावी लागत नाही.

एक काळजी मात्र उरते. पायथॉन, रूबी व जावास्क्रिप्ट या भाषांत निर्देशच परत येत असल्याने, फलनाने आपल्याजवळ जपून ठेवलेली सरणी जशीच्या तशी परत दिली, तर पाचारकाने तीत केलेला बदल मूळ सरणीतही होतो. पीएचपीमध्ये सरणी मूल्य म्हणून हाताळली जाते. कोणी बदल करू लागताच तिची वेगळी प्रत निर्माण होते व मूळ सरणी अबाधित राहते. पायथॉनमध्ये यावर निराळा उपाय आहे. तेथे अनेक मूल्ये परत देताना सामान्यतः ट्यूपल ही एकदा घडविल्यानंतर तिच्यातील जागांवरील मूल्ये बदलता न येणारी सरणी वापरतात.

उकल : परत आलेल्या सरणीतील मूल्य तिच्यातील स्थानाच्या क्रमांकाने काढता येते. वर उल्लेखिलेल्या पाचही स्क्रिप्ट भाषांत हा क्रम शून्यापासून मोजला जातो. भागाकार शून्याव्या स्थानी व बाकी पहिल्या स्थानी. परंतु ‘उत्तर[०]’ व ‘उत्तर[१]’ अशा लिखाणावरून त्या जागी काय आहे, याचा बोध होत नाही. म्हणून सरणी हाती येताच तिची मूल्ये अर्थपूर्ण नावांच्या चलांत वाटून टाकण्याची सोय या भाषांत केलेली आहे. या वाटणीस सरणीची उकल म्हणता येईल. ‘[भागाकार, बाकी] = भाग(१७, ५)’ अशा एका विधानाने दोन्ही चलांना आपापली मूल्ये मिळतात. पर्लमध्ये १९८७ पासून व पायथॉनमध्ये १९९१ पासून उकल रूढ आहे. पीएचपीमध्ये त्यासाठी ‘लिस्ट’ ही रचना असून चौकटी कंसांचे सुटसुटीत रूप ७.१ या आवृत्तीत (२०१६) आले. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात उकलीचा समावेश २०१५ मध्ये झाला.

चलांची संख्या व सरणीतील मूल्यांची संख्या जुळत नसल्यास काय होते, याबाबत भाषांमध्ये महत्त्वाचा भेद आहे. पायथॉनमध्ये संख्या जुळली नाही तर आज्ञावली चूक दाखवून तेथेच थांबते. पर्ल, रूबी व जावास्क्रिप्ट या भाषांत जादा मूल्ये मुकाट्याने सोडून दिली जातात व कमी पडलेल्या जागी रिक्त मूल्य बसते. पहिली रीत कडक वाटली, तरी फलनात पुढे कोणी तिसरे मूल्य वाढविले असता त्याचा परिणाम कोठे होतो, हे तिच्यामुळे तत्काळ कळते. दुसऱ्या रीतीत जुन्या आज्ञावल्या न अडता चालू राहतात. पण चूकही त्यांच्याबरोबर चालू राहू शकते.

क्रमाचा संकेत : सरणीतील मूल्यास स्वतःचे नाव नसते, त्याचा अर्थ त्याच्या स्थानावरून ठरतो. शून्याव्या स्थानी भागाकार आहे ही गोष्ट यंत्रास ठाऊक नसते. ती फलन लिहिणारा व ते वापरणारा यांच्यामधील संकेत असते. हा संकेत मोडला तरी यंत्र हरकत घेत नाही. अनेकमूल्यी निष्पत्तीसाठी सरणी वापरण्यातील सर्व सोय व सर्व धोका या एकाच गोष्टीत साठविलेला आहे.

पर्ल भाषेतील स्थानिक वेळ सांगणारे अंगभूत फलन हे याचे बोलके उदाहरण होय. सूची मागितली असता ते नऊ मूल्यांची सूची देते. भारतीय प्रमाणवेळेनुसार १५ ऑगस्ट १९९७ रोजी सकाळी साडेदहा वाजता तिचे उत्तर (०, ३०, १०, १५, ७, ९७, ५, २२६, ०) असे येईल. क्रमाने वाचल्यास सेकंद, मिनिटे, तास, तारीख, महिना, वर्ष, वार, वर्षातील दिवस व उन्हाळी वेळेची खूण अशी ही मूल्ये आहेत. तारीख १ पासून मोजली जाते, पण महिना ० पासून. म्हणून ऑगस्टसाठी ७ हा अंक येतो. वार रविवारपासून ० धरून मोजला जातो. म्हणून शुक्रवारसाठी ५ येतो. वर्ष म्हणून येणारी संख्या म्हणजे वर्षातून १९०० वजा करून उरलेली संख्या. हा संकेत मूळ सी भाषेतील वेळेच्या रचनेतून आलेला आहे.

९७ ही संख्या पाहून पुष्कळांनी ते वर्षाचे शेवटचे दोन अंक आहेत, असा समज करून घेतला व त्यामागे ‘१९’ ही अक्षरे जोडून वर्ष छापले. १९९९ संपेपर्यंत उत्तर बरोबरच येत राहिले. १ जानेवारी २००० रोजी त्या स्थानी १०० ही संख्या आली आणि अशा आज्ञावल्या वर्ष ‘१९१००’ असे दाखवू लागल्या. अमेरिकेची अधिकृत वेळ राखणाऱ्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावरही त्या दिवशी वर्ष १९१०० असे झळकले होते. पर्लमधील फलनात कोणताही दोष नव्हता. ते आपल्या संकेताप्रमाणेच उत्तर देत होते. चूक संकेत गृहीत धरण्यात होती आणि चाचणीच्या काळात बरोबर उत्तरे मिळत असल्याने ती उघडकीस आली नाही.

दोन मूल्यांच्या क्रमाची अदलाबदल हा दुसरा प्रकार. भौगोलिक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन या प्रमाणकात (२०१६) प्रथम रेखांश व नंतर अक्षांश असा क्रम ठरविलेला आहे. याउलट बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो आणि नकाशे दाखविणाऱ्या लीफलेटसारख्या संग्रहातील फलनेही अक्षांशच प्रथम मागतात. पुणे शहर सुमारे १८·५२° उत्तर अक्षांशावर व ७३·८६° पूर्व रेखांशावर आहे. जिओजेसनमधून घेतलेली [७३·८६, १८·५२] ही सरणी अक्षांश प्रथम मागणाऱ्या फलनास तशीच दिली, तर ते फलन पुण्याची जागा नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेस दाखवील. अक्षांश ९०° पेक्षा अधिक असू शकत नाही, एवढी तपासणी ठेवूनही ही चूक सापडणार नाही. भारताचा रेखांशविस्तार सुमारे ६८° ते ९७° पूर्व असल्याने देशाच्या बहुतेक भागांचे रेखांश अक्षांश म्हणूनही खपून जातात. गुवाहाटीचा रेखांश ९१° हून अधिक असल्याने तेथे ही तपासणी कामास येते. पुणे, नागपूर वा मुंबई येथे नाही. नकाशावर एखादे दुकान दाखविताना अशी चूक झाल्यास ती हसण्यावारी नेता येईल. रुग्णवाहिका पाठविण्यासाठी तीच माहिती वापरली जात असेल, तर तिची किंमत निराळी होते.

संकेत केवळ क्रमापुरता नसून प्रत्येक मूल्याच्या अर्थाविषयीही असतो. पायथॉनमध्ये –१७ ला ५ ने भागणारे अंगभूत फलन –४ व ३ ही मूल्ये देते, तर सी भाषेतील तत्सम फलन –३ व –२ देते. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हा नियम दोन्ही उत्तरांना लागू पडतो; भागाकार कोणत्या दिशेस पूर्णांकित करावयाचा, यात फरक आहे. वाराच्या क्रमांकाविषयीही असेच आहे. पर्लमध्ये ० म्हणजे रविवार, तर पायथॉनच्या वेळविषयक फलनाच्या उत्तरात ० म्हणजे सोमवार. एका भाषेतील आज्ञावली दुसऱ्या भाषेत उतरविणाऱ्याने याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

नावांनी ओळखली जाणारी मूल्ये : स्थानाऐवजी नावाने मूल्य ओळखता आल्यास वरील धोका पुष्कळ कमी होतो. पीएचपीमधील सरणीत स्थानक्रमांकाच्या जागी शब्दही चालतात. पर्लमध्ये हॅश, पायथॉनमध्ये डिक्शनरी व जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट या रचना हेच काम करतात. ‘स्थळ[अक्षांश]’ असे लिहिल्यावर क्रमाचा प्रश्नच उरत नाही आणि उत्तरात पुढे समुद्रसपाटीपासूनची उंची समाविष्ट केली, तरी जुन्या पाचारणांना धक्का लागत नाही. नाव लिहिताना झालेली चूक मात्र येथेही संभवते. अस्तित्वात नसलेले नाव मागितल्यास जावास्क्रिप्ट चूक न दाखविता रिक्त मूल्य देते.

दोन्ही पद्धतींचा मेळ घालण्याचेही प्रयत्न झालेले आहेत. चित्राचे आकारमान सांगणाऱ्या पीएचपीमधील अंगभूत फलनाच्या सरणीत रुंदी शून्याव्या व उंची पहिल्या स्थानी असते, तर चित्राच्या प्रकाराचे प्रमाणित वर्णन ‘माइम’ या नावाखाली मिळते. पायथॉनच्या २.६ या आवृत्तीत (२००८) नामांकित ट्यूपल घडविण्याची सोय आली. तिच्यातील मूल्ये स्थानाने उकलता येतात, तसेच नावानेही वाचता येतात. त्या भाषेतील स्थानिक वेळेच्या फलनाचे उत्तरही असेच दुहेरी असून त्यात वर्ष पूर्ण चार अंकी व महिना १ पासून मोजलेला असतो.

नावे नसणे काही प्रसंगी इष्टही असते. जालपृष्ठे घडविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट संग्रहात २०१९ मध्ये आलेले ‘युजस्टेट’ हे फलन दोन घटकांची सरणी देते : एक चालू मूल्य व दुसरे ते बदलणारे फलन. एकाच पृष्ठात या फलनास अनेक वेळा पाचारण करावे लागते व प्रत्येक वेळी पाचारकास स्वतःची वेगळी नावे हवी असतात. सरणीची उकल करताना ती विनासायास देता येतात. येथे मूल्ये दोनच असून क्रम सर्वत्र सारखा आहे. म्हणून स्थानाचा संकेत निर्वेधपणे चालतो.

अपयशाची सूचना : उत्तराबरोबर काम साधले की नाही हे कळविणे, हाही अनेकमूल्यी निष्पत्तीचा एक महत्त्वाचा उपयोग आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेत उत्तर व त्यामागोमाग चूक अशी जोडी परत देण्याची प्रथा आहे. ती स्क्रिप्ट भाषा नसली, तरी ही प्रथा सरणीच्या साहाय्याने स्क्रिप्ट भाषांतही पाळता येते. पाचारकाने प्रथम चुकीचे स्थान पाहावयाचे व ते रिक्त असेल, तरच उत्तर वापरावयाचे, असा येथे संकेत असतो. काही फलने यश आल्यास सरणी व अपयश आल्यास ‘असत्य’ हे एकच मूल्य देतात. पीएचपीमधील वर सांगितलेले चित्राच्या आकारमानाचे फलन त्यांपैकीच आहे. अशा उत्तराची थेट उकल केली असता रुंदी व उंची यांच्या जागी रिक्त मूल्ये येतात व पुढील गणितात ती शून्य म्हणून वावरू लागतात. म्हणून हाती आलेली वस्तू सरणी आहे याची खात्री करूनच तिची उकल करावी.

भाषाभेद : सर्वच स्क्रिप्ट भाषांत सरणी परत देणे सारखे सुलभ नाही. युनिक्स प्रणालीवरील बॅश या आज्ञाभाषेत फलन केवळ ० ते २५५ मधील एक स्थितिदर्शक संख्या परत देऊ शकते. खरे उत्तर मजकूर म्हणून छापावयाचे व पाचारकाने तो मजकूर पकडून त्याचे तुकडे पाडावयाचे, अशी रीत आहे. रिकाम्या जागेवर तुकडे पाडले असता, ज्या फाइलच्या नावातच रिकामी जागा आहे, तिचे दोन तुकडे होतात. या भाषेच्या ४.३ या आवृत्तीपासून (२०१४) पाचारकाच्या सरणीचे नाव फलनास पुरवून तीत उत्तरे भरता येतात. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल (२००६) या भाषेत फलन चालू असताना जे जे मूल्य कोठेही न साठविता मोकळे सोडले जाते, ते ते उत्तरात जमा होते. त्यामुळे अनवधानाने सुटलेले एखादे मूल्य सरणीत शिरून पुढील सर्व स्थाने एकेक घर सरकवू शकते. याखेरीज सरणीत एकच घटक असल्यास सामान्यतः सरणीचे वेष्टन गळून केवळ तो घटक हाती येतो.

पर्लमध्ये फलनातून दोन सरण्या एकापुढे एक लिहून परत दिल्या, तर त्या वितळून एकच सलग सूची होते व पहिली कोठे संपली हे कळत नाही. म्हणून सरण्यांऐवजी त्यांचे निर्देश परत द्यावे लागतात. ब्राझीलमधील रीओ दे जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये निर्माण झालेल्या लुआ या भाषेत सरणीवाचूनही अनेक मूल्ये परत देता येतात. मात्र असे पाचारण सूचीच्या अखेरीस नसून मध्येच आले, तर त्याचे पहिले मूल्य तेवढे ठेवले जाते. या भाषेत सरणीची मोजणी १ पासून करण्याचा प्रघात आहे.

निवड : कोणत्या प्रसंगी कोणती पद्धत वापरावी, याविषयी अनुभवाने काही धोरणे ठरलेली आहेत. मूल्ये दोन वा तीनच असतील व त्यांचा क्रम सर्वमान्य असेल, उदा., भागाकार व बाकी, किमान व कमाल, तर क्रमबद्ध सरणी पुरेशी असते. मूल्ये अधिक असतील, पुढे वाढण्याचा संभव असेल अथवा त्यांपैकी दोन एकाच जातीची असून सहज अदलाबदल होण्यासारखी असतील, तर नावांनी ओळखली जाणारी रचना वापरणे श्रेयस्कर. मूल्यांची जात तपासणारी साधने आज अनेक स्क्रिप्ट भाषांसाठी उपलब्ध आहेत. संख्येच्या जागी अक्षरे आल्यास ती इशारा देतात. परंतु अक्षांश व रेखांश या दोन्ही संख्याच असल्याने केवळ जात पाहणाऱ्या साधनास त्यांची अदलाबदल ओळखता येत नाही. म्हणून क्रम, मोजणीचा आरंभ, एकक व अपयशाची खूण या चार गोष्टी फलनाच्या माथ्यावर स्पष्ट लिहून ठेवाव्या लागतात. चाचणीसाठीही ज्यांची अदलाबदल तत्काळ नजरेस येईल अशी विषम मूल्ये निवडावी लागतात. २५ ला ५ ने भागून क्रमाची चूक लगेच सापडते, कारण उत्तरे ५ व ० येतात. १२ ला ५ ने भागल्यास दोन्ही उत्तरे २ येत असल्याने ती कधीच सापडणार नाही. एकाच फलनातून सहासात असंबद्ध मूल्ये परत द्यावी लागत असतील, तर ते फलन अनेक कामे एकत्र करीत आहे असे समजून त्याचे भाग पाडणे योग्य ठरते.

सरणीमुळे फलनाने एकच वस्तू परत देण्याचा जुना दंडक कायम राहून अनेक उत्तरे देण्याची सोय झाली. या सोयीच्या बदल्यात मूल्यांचा अर्थ यंत्राच्या ताब्यातून निघून माणसांमधील संकेतावर सोपविला गेला. तो संकेत लिहून ठेवणे, पाळणे व बदलताना वापरणाऱ्यांना कळविणे, ही आज्ञावली लिहिणाऱ्याची जबाबदारी होय.